दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवताना : गावात लिहिणाऱ्यांसाठी

गावात ज्याचं अक्षर बरं, त्याच्याकडे सगळे कागद येतात. ग्रामसभेचं प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त), पांदण रस्त्याच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या, तक्रारीचा अर्ज, वनहक्क दाव्याला जोडायचा आजोबांचा जबाब, तालुक्याच्या पेपरला पाठवायची बातमी. विषय वेगवेगळे असले तरी या प्रत्येक कागदात दुसरा जे बोलला ते आपल्या हातानं लिहावं लागतं. बोलणारा बरेचदा ते वाचूही शकत नाही. तो आपल्यावर भरवसा ठेवून अंगठा देतो आणि पुढे पाच-दहा वर्षं त्याच्या नावावर तेच शब्द चालतात. म्हणून हे काम मन लावून शिकण्यासारखं आहे. वाचणाऱ्याला त्या माणसाचे शब्द कुठे संपले आणि लिहिणाऱ्याचे कुठे सुरू झाले हे स्पष्ट दिसलं पाहिजे. खाली सांगितलेली सगळी खटपट त्यासाठीच आहे.

ऐकताना काय करायचं

वहीचं पान उभ्या रेघेनं दोन भागांत वाटा. डावीकडे फक्त समोरच्याचे शब्द लिहा, आणि उजवीकडे तुमच्या खुणा, शंका, नंतर विचारायचे प्रश्न. ही सवय लागली की घरी येऊन लिहायला बसल्यावर ‘हे ते बोलले होते की मला वाटलं होतं’ असा घोळ होत नाही. पानाच्या डोक्यावर तारीख, ठिकाण, कोण बोललं आणि कोण हजर होतं, हे बोलणं सुरू होण्याआधीच लिहून टाका. मागाहून आठवून लिहिलेल्या हजेरीत एखादं नाव हमखास सुटतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. “काका, फोनमध्ये भरून ठेवू का, म्हणजे लिहिताना चुकणार नाही,” असं सरळ म्हटलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा. आणि रेकॉर्डिंग असलं तरी वही सोडू नका. सभामंडपात पंखा, लेकरं, एकाच वेळी चौघांचं बोलणं, यातून नंतर नेमकं हवं ते वाक्य ऐकू येत नाही.

सगळं शब्दशः लिहिणं शक्यही नसतं आणि गरजेचंही नसतं. आश्वासन, नकार, आक्षेप, आकडा, शेताची चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) आणि ‘मी स्वतः पाहिलं’ असं सांगितलेली गोष्ट, एवढं मात्र जसंच्या तसं टिपायचं. आकडा आला की तिथेच थांबवून परत विचारा : दीड एकर की अडीच? बाकीच्या बोलण्याचं सार पुरतं.

शब्द कधी, सार कधी

समजा ग्रामसभेत एक कास्तकार उभा राहून म्हणतो : “तीन सालं झाले, पांदनीत गुडघाभर गारा हाय. बंडी निघत नाही. पऱ्हाटी वावरातच राह्यते. मोजनीचे पैसे आमी भरले, मोजनी झाली, पन धुऱ्यावाला जागा सोडत नाही. अन् तहसीलीत गेलं का म्हनते, पुढच्या सोमवारी या.”

(गारा म्हणजे चिखल, बंडी म्हणजे बैलगाडी, पऱ्हाटी म्हणजे कापूस, धुऱ्यावाला म्हणजे शेजारच्या बांधाचा शेतकरी.) प्रोसिडिंगमध्ये याचं बहुतेक वेळा असं होतं : ‘पांदण रस्त्याबाबत चर्चा झाली. ठराव सर्वानुमते मंजूर.’ यात कोण बोललं, काय अडलं, कोणी काय केलं, यातलं काहीच उरलं नाही. पुढे कोणी हा कागद तहसीलदारांपुढे ठेवला तर त्यातून काही हाती लागत नाही.

उलट सगळं बोलणं उतरवलं तर पान भरतं आणि मुद्दा हरवतो. माझ्या मते असं लिहावं : ‘पांदण रस्त्याचा विषय मांडताना अर्जदार शेतकऱ्यांपैकी एकानं (नाव) सांगितलं की तीन वर्षांपासून गुडघाभर चिखलामुळे या रस्त्यानं बंडी जात नाही आणि वेचलेला कापूस शेतातच अडकून राहतो. मोजणीची फी अर्जदारांनी भरली आहे व मोजणी झाली आहे. मात्र, त्यांच्याच शब्दांत, “धुऱ्यावाला जागा सोडत नाही. अन् तहसीलीत गेलं का म्हनते, पुढच्या सोमवारी या.”’ परिस्थिती सारांशात सांगितली, आणि ज्या दोन वाक्यांवर सगळी तक्रार उभी आहे ती त्यांच्या तोंडची ठेवली.

विरोधाचं वाक्य तर कधीच गाळू नका. ठराव बहुमतानं झाला असेल तर विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत एक-दोन ओळींत यायला हवं. ‘सर्वानुमते’ हा शब्द हाताला इतका सवयीचा झाला आहे की कोपऱ्यात बसलेल्या बाईनं उठून “आमाले हे मान्य नाही” म्हटलं तरी पेन तेच लिहून जातं. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी वेगळी घ्यायची असते. तिथे झालेलं बोलणं मुख्य ग्रामसभेत वाचून दाखवायचं असेल तर तेही बायांच्या शब्दांत न्या. सचिवानं आपल्या भाषेत गोळाबेरीज केली की त्यातली धार जाते.

‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ कोण?

मराठीत ‘की’ लावून दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’ बदलायची गरज पडत नाही. ‘सरपंच म्हणाले की मी उद्या टँकर पाठवतो’ यातला ‘मी’ सरपंच, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण कागदावर वाक्य लांबलं, मध्ये दुसरा माणूस आला की गोंधळ उडतो. ‘सदस्यांनी सांगितले की आम्ही मोजणीचे पैसे भरले असून आपण रस्ता मोकळा करून द्यावा.’ आम्ही म्हणजे सदस्य की शेतकरी? आपण म्हणजे ग्रामपंचायत, तहसीलदार, की सगळे मिळून? सहा महिन्यांनी हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

उपाय सोपा आहे. सार लिहिताना ‘मी, आम्ही, आपण’ काढून तिथे नाव किंवा पद घाला : ‘मोजणीची फी अर्जदार शेतकऱ्यांनी भरली आहे, रस्ता तहसीलदारांनी मोकळा करून द्यावा.’ शब्दशः लिहिताना मात्र सर्वनामाला हात लावू नका. तिथे अवतरणचिन्हं टाका आणि कोण बोललं ते आधी लिहा.

चिन्हं

दुहेरी अवतरणचिन्हात फक्त तेच शब्द येतील जे खरंच बोलले गेले. एकही शब्द सुधारला, चांगला केला, जोडला, तर चिन्हं काढा आणि ‘असं त्यांचं म्हणणं’ लिहा. बोलणाऱ्यानं दुसऱ्या कोणाचं वाक्य सांगितलं असेल तर ते आतल्या एकेरी चिन्हात : “कोतवाल मनले, ‘कागद आला नाही.’”

मधलं काही गाळलं तर तीन टिंबं द्या. गाळल्यामुळे अर्थ फिरत नाही ना, हे आधी तपासा. “जमीन द्याले आमी तयार हाओ, पन मोबदला आधी पायजे” यातला दुसरा अर्धा गाळून टिंबं दिली तर चिन्ह बरोबर असलं तरी ती लबाडी झाली. ‘पण’, ‘तर’, ‘नसेल तर’ यांच्यापुढचा भाग कधीही तोडायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि तुम्हाला मध्ये काही समजावून सांगायचं असेल तर चौकटी कंस [ ] वापरा. साधा कंस बोलणाऱ्याचाच वाटू शकतो. चौकटी कंसातलं लिहिणाऱ्याचं, असं कागदाच्या सुरुवातीला एका ओळीत सांगून ठेवा, कारण सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही.

बोली ठेवायची की प्रमाण करायची?

हा प्रश्न विदर्भात लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो. माझं मत स्पष्ट आहे : अवतरणात बोली ठेवा, सारात प्रमाण लिहा. अवतरणातली वऱ्हाडी पुस्तकी करून टाकली की ते त्या माणसाचे शब्द राहत नाहीत, आणि उद्या कोणी “हे तुम्हीच बोललात का?” विचारलं तर तो गोंधळून “मी असं नाही बोललो” म्हणेल. ते खरंही असेल.

पण बोली ठेवताना अर्थ पोचतो का ते पाहावं लागतं. वऱ्हाडीत “साहेब सोमवारी येईन, मोजून जाईन” असं म्हटलं तर येणार आहेत ते साहेब. पुण्या-मुंबईकडून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला वाटेल, बोलणारा स्वतःच येणार आहे. इथे शब्द बदलू नका, कंस द्या : “साहेब सोमवारी येईन [येतील], मोजून जाईन [जातील].” ‘ळ’चंही तसंच. वऱ्हाडात काळा तो काया होतो, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) कारा. शेताच्या खुणेत ‘काया दगड’ आला तर पहिल्यांदा आला तिथे [काळा दगड] लिहा, पुढे परत परत नको. वावर (शेत), धुरा (शेताचा बांध), बांधी (धानाचं शेत), पार (तलावाचा बांध), आखर (गुरं जमायची जागा) हे शब्द तर बदलूच नका. ‘धुरा’चं ‘सीमा’ केलं की नेमकी कोणती जागा ते हरवतं. मापही सांगणाऱ्याचंच ठेवा. तो पायलीत बोलला असेल तर किलोचा हिशेब कंसात.

उच्चार मात्र हद्दीपलीकडे लिहू नका. प्रत्येक ‘ण’चा ‘न’ आणि प्रत्येक श्वास टिपायला गेलं की वाचणारा हसतो आणि बोलणारा माणूस अडाणी वाटतो. क्रियापदं, खास शब्द, वाक्याची ठेवण एवढं राखलं तरी बोली जिवंत राहते. आणि एकाच कागदात शेतकऱ्याची बोली जशीच्या तशी नि अधिकाऱ्याची प्रमाण करून, असं करू नका. तलाठीही “बघून घेतो ना बाप्पा” म्हणाला असेल तर तेच लिहा.

गोंडी, माडिया, कोरकू किंवा कोलामी बोलणाऱ्याचं म्हणणं मराठीत लिहायचं असेल तेव्हा दुहेरी चिन्हं वापरूच नयेत, असं मला वाटतं. ‘सांगणाऱ्यानं गोंडीत सांगितलं, अमुक यांनी मराठीत करून दिलं’ ही ओळ आधी आणि मग साधा मजकूर. दुभाष्याची सही वेगळी घ्या.

वडीलधाऱ्यांचा जबाब : सगळ्यात जपून करायचं काम

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या भागांत २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे तयार करताना दुसऱ्याचे शब्द लिहिण्याला खरं वजन येतं. कायद्याच्या २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं म्हणणं हाही एक पुरावा आहे. दावा तपासताना एकापेक्षा जास्त पुरावे पाहायचे असतात, म्हणून जबाब एकटा पुरत नाही. पण बाकीच्या कागदांना अर्थ तोच देतो.

समजा एक आजोबा दावेदाराच्या कुटुंबाबद्दल सांगतात : “नवा पैसा आला तवा मी गुरं राखत होतो. तवा आमचा जिल्हा चांदा होता. मोहाच्या झाडापासून तलावाच्या पारीपर्यंत त्याहीचीच बांधी होती. माहा बाप सांगे, त्याच्या लहानपनीबी तेच लोक तिथं धान लावत.”

या चार वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन वाक्यांत त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. चौथ्यात वडिलांकडून ऐकलेलं. लिहिताना हे दोन परिच्छेद वेगळेच करा : ‘स्वतः पाहिलेलं’ आणि ‘वडिलांनी सांगितलेलं’. ही नुसती नीटनेटकेपणाची बाब नाही. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. तिथे आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलंच कामाला येतं. इतर पारंपरिक वननिवासींना (अनुसूचित जमातीचे नसलेले, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारे) त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं राहणं दाखवावं लागतं. म्हणजे १९३० च्या मागे जावं लागतं. आज हयात असलेल्या कोणाचीही स्वतःची आठवण सहसा तिथे पोचत नाही, तिथे वडिलांनी सांगितलेलंच लागतं. दोन्ही एकात मिसळून ‘आजोबा १९३० पासून पाहत आले आहेत’ असं लिहिलं, तर वय विचारताच सगळा जबाब खोटा ठरतो आणि त्यातला खरा भागही वाया जातो.

काळाच्या खुणा त्यांच्याच ठेवा आणि साल तुम्ही कंसात लिहा. नवा पैसा [१ एप्रिल १९५७ पासून]. चांदा जिल्हा [गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, आता हे गाव त्यात]. कोणी म्हणालं “आमी मध्यप्रदेशात होतो तवा”, तर [१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी]. वाशीमकडचा म्हातारा अकोला जिल्हा म्हणेल, गोंदियाकडचा भंडारा. वाशीम १९९८ ला वेगळा झाला, गोंदिया १९९९ ला. त्यांच्या तोंडी आकड्यातलं साल घालू नका. ‘१९५७ साली मी गुरे राखत होतो’ असं लिहिलेला जबाब वाचणाऱ्याला पढवलेला वाटतो. गावातल्या पाच म्हाताऱ्यांचे जबाब शब्दन् शब्द सारखे निघाले तरी तसंच. प्रत्येकाचा जबाब वेगळा बसून, वेगळ्या वेळी, त्याच्या त्याच्या खुणांसह घ्या. एकाला मोह आठवेल, दुसऱ्याला विहीर.

प्रश्न कसा विचारला तेही महत्त्वाचं. “ही जमीन त्यांचीच ना?” विचारलं की “हो” येतं, आणि ते ‘हो’ आपण वाक्य करून त्यांच्या तोंडी घालतो. “तिथं तेव्हा कोण काय पेरत होतं?” असं विचारा, मग त्यांचे शब्द मिळतील.

लिहून झालं की सावकाश वाचून दाखवा. घाईत नाही, आणि दावेदार शेजारी बसलेला असताना तर नाहीच. दर दोन वाक्यांनी थांबा. त्यांनी काही दुरुस्त केलं तर जुनं एका रेघेनं खोडून वर नवं लिहा आणि तिथेच त्यांचा अंगठा किंवा सही घ्या. शेवटी ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ ही ओळ, मग सही किंवा निशाणी डावा अंगठा, लिहिणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदार. कोऱ्या कागदावर अंगठा आधी आणि मजकूर नंतर, हे कोणत्याही कारणानं करू नका. रात्री उशीर झाला असेल तर सकाळी परत जा.

ऐकीव गोष्ट

“रोहयोचे पैसे आले म्हने” यातला शेवटचा शब्द लिहायला विसरू नका. त्या एका शब्दानं बोलणाऱ्यानं सांगितलं आहे की ही खात्रीची बातमी नाही. अर्जात तो गाळला की त्याच्या नावावर खात्री चिकटते. कोणाकडून ऐकलं ते विचारा आणि साखळी लिहा : अमुक यांनी सांगितलं की रोजगार सेवकानं त्यांना असं सांगितलं. शक्य असेल तर थेट रोजगार सेवकाकडे जा. मग मधल्या माणसाला उद्धृत करायची गरजच राहत नाही.

कार्यालयाच्या पत्राला उत्तर देताना

इथे काम सोपं आहे, शब्द आधीच कागदावर असतात. वर ‘संदर्भ’ म्हणून पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक द्या. अख्खं पत्र परत उतरवू नका. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच उचला, कितव्या परिच्छेदातलं ते सांगा आणि लगेच त्याच्याखाली तुमचं उत्तर लिहा. मग पुढचं वाक्य, पुढचं उत्तर. सगळी अवतरणं वर आणि सगळी उत्तरं खाली असं केलं तर वाचणाऱ्याला पान उलटत बसावं लागतं. पत्रातलं शुद्धलेखन चुकीचं असेल तरी तसंच उतरवा, आणि मूळ पत्राची झेरॉक्स जोडा.

ग्रामसभेत काय ठरलं याचा आधार द्यायचा असेल तर आठवणीवर जाऊ नका. ठराव क्रमांक, तारीख आणि प्रोसिडिंगमधले नेमके शब्द घ्या. नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा : अर्जाला १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

संतांची आणि गावाची वचनं

अर्जाच्या, अहवालाच्या किंवा शाळेच्या स्मरणिकेच्या डोक्यावर वचन द्यायची आपल्याकडे आवड आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतली ओवी द्यायची तर पुस्तक उघडून अध्याय आणि ओवी क्रमांक लिहा. ४१ अध्याय आहेत, शोधायला कठीण नाही. भिंतीवर रंगवलेलं वाचून उतरवू नका. गाडगेबाबांनी स्वतः पुस्तक लिहिलं नाही. त्यांचे शब्द कीर्तन ऐकणाऱ्यांनी पुढे आणले, म्हणून ‘गाडगेबाबांच्या नावे सांगितलं जातं’ असं लिहिणंच प्रामाणिक. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा आहे. ती एका पुढाऱ्याच्या नावावर टाकू नका, गावाच्या नावावरच ठेवा.

नाव द्यायचं की नाही

हे शेवटी लिहितोय, पण काम करताना आधी येतं. मजुरी कमी मिळाली, रेशन दुकानदार माप मारतो, असं सांगणाऱ्या बाईला त्याच गावात राहायचं असतं. ती “नाव नका टाकू” म्हणाली तर नाव गाळून भागत नाही. ‘नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, दोन मुलींची आई असलेल्या एका विधवा महिलेनं सांगितलं’ असं लिहिलं की दोनशे घरांच्या गावात लहान पोरगंही ओळखतं. वस्ती, वय, मुलं, कुठल्या शेतावर काम केलं, हे सगळं काढा. तिची बोलायची लकब ओळखू येत असेल तर तिथे अवतरणही काढा आणि सार लिहा. बोली राखायचा वरचा नियम इथे मागे घ्यायचा.

मजुरीचा आकडा मस्टरवरून (हजेरीपटावरून) मिळतो, रेशनचा पावतीवरून. तो तिथून घेतला की तिच्या तोंडून सांगायची गरज कमी होते. तरीही तिचं एखादं वाक्य हवंच असं वाटलं, तर कागद पाठवायच्या आधी तिच्या घरी जाऊन, आजूबाजूला कोणी नसताना, ते वाक्य तिला वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर ते वाक्य तिच्यासमोरच खोडा.